पाय घसरला की रस्ता?

गेल्या पौषात मी पडलो. निवडणुकीत नव्हे, परीक्षेत नव्हे; कादंबऱ्यांच्या स्पर्धेत मी अधूनमधून पडतो, तेही हे पडणे नव्हे. शनिवार होता, सकाळची शाळा होती. डाव्या हातात डबा आणि उजव्या काखेत वह्यांचा गठ्ठा घेऊन, साडेसहाच्या धुक्यात, प्रवराकाठच्या आमच्या गावाच्या भर डांबरी रस्त्यावर मी उताणा पडलो. डाव्या मनगटाचे हाड मोडले. सातवी ‘ब’च्या एकेचाळीस वह्या चिखलात पसरल्या, त्यांतील काहींचे अक्षर त्यामुळे बिघडले, असे मात्र म्हणता येणार नाही.

पडल्यावर पहिला आवाज ऐकू आला तो हसण्याचा. माझाच एक माजी विद्यार्थी डेअरीला दूध घालायला निघाला होता. तो आधी हसला, मग त्याने मला ओळखले, आणि मग त्याने हसू परत घेतले. मुलगा मुळात चांगला. त्याने मला उठवून चहाच्या टपरीवर नेऊन बसवले आणि म्हणाला, “सर, बघून चालायचं ना!” टपरीवाल्याने चहाबरोबर तेच वाक्य पुढे केले. तालुक्याच्या गावी हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, आणि मोडलेले हाड मला दाखवण्याआधी, “गुरुजी, खाली बघत नव्हता वाटतं?” असे विचारले. मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जावर सही करता करता तेच विचारले. दूध घालून परतणाऱ्या दोघा शेजाऱ्यांनी तर वाट वाकडी करून येऊन तेच विचारले. पत्नीने प्रश्न विचारला नाही. “चालता चालता कादंबरी लिहिता तुम्ही,” असे थेट निदानच तिने केले. इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी एकच निकाल दिला, पण आरोपीची जबानी कोणी घेतली नाही. ती मी आज येथे देत आहे.

जबानीला पुरावा लागतो, आणि तो मला दैवाने पाऊण तासात मिळवून दिला. हात उपरण्यात अडकवून, मेव्हण्याच्या मोटारीची वाट पाहत मी टपरीवर बसलो होतो. इतक्यात टोमॅटोच्या जाळ्या भरलेली एक पिकअप गाडी आली, बरोबर मी पडलो होतो त्याच ठिकाणी तिचे मागचे अंग एकाएकी बाजूला गेले, आणि ती अर्धी फिरून विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली. ड्रायव्हरला खरचटलेसुद्धा नाही. पण गाव जमा झाले! “रस्ताच तसला आहे,” टपरीवाला म्हणाला. “चिखल केवढा पडलाय बघा, तो बिचारा काय करील?” दूधवाला म्हणाला. कोणी सरपंचांना फोन लावला, कोणी रस्त्यावर राख आणून टाकली. पुढे हवालदार आले. त्यांनी चाके किती घसरली ते टेप धरून मोजले आणि कागदावर लिहून घेतले. मीसुद्धा चांगला दीड हात घसरलो होतो. माझी घसरण कोणी मोजली नाही. आणि वाचकहो, त्या ड्रायव्हरला “बघून चालवायला काय झालं?” असे त्या गर्दीतील एकानेही विचारले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. तोच रस्ता, तोच चिखल, तीच सकाळ. गाडी घसरली की दोष रस्त्याचा, आणि माणूस घसरला की दोष माणसाचा! हा न्याय कोणत्या कायद्याने झाला, ते मला कळले पाहिजे.

माझा पहिला संशय आपल्या भाषेवर आहे. मी मराठी शिकवतो, म्हणून हे घरचे भांडण समजावे. ‘गाडी घसरली’ हे वाक्य निष्पाप आहे. त्यात गाडीच्या चारित्र्याविषयी काही सूचित होत नाही. पण ‘त्याचा पाय घसरला’ असे म्हणून पाहा. ऐकणारा ताबडतोब खुर्ची पुढे ओढतो आणि ‘कोणाबरोबर?’ म्हणून विचारतो. ‘तोल गेला’ म्हणजे राग आला, ‘जीभ घसरली’ म्हणजे अपशब्द गेला, आणि पाय घसरला म्हणजे तर सारेच गेले. शतकानुशतके आपण पायाला घसरवत आलो ते पापाकडे. मग जो खरोखरीच्या चिखलात घसरतो त्याच्याकडे समाजाने संशयाने पाहावे, यात नवल ते काय? आम्हां कादंबरीकारांनीही यात भर घातली आहे, ती नाकबूल करीत नाही. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांत नायिका नदीकाठी घसरतात आणि नायक त्यांना सावरतात. नदीकाठ निसरडा का होता, याची चौकशी मी एकाही प्रकरणात केलेली नाही. ती आता करतो.

आमच्याकडे बर्फ पडत नाही. ज्या देशांत पडते तेथील लोक हिवाळ्यात घसरतात हे आपल्याला पटते, कारण त्यांचे बर्फ चित्रात पांढरेशुभ्र दिसते. आमची हिवाळ्याची घसरण काळी आहे, म्हणून ती दिसत नाही. नगर जिल्ह्याच्या — २०२४ पासून तो सरकारी कागदावर अहिल्यानगर जिल्हा झाला, पण बसस्टँडवर लोक अजून ‘नगर, नगर’ असेच ओरडतात — उत्तरेकडची ही जमीन काळी, चिकट, कापसाची. तिच्यातील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढी फट पडते, आणि ओली झाली की तिच्यावर पाय ठरत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांनी प्रवरेचे पाणी या जमिनीला मिळाले, आणि ऊस आला. पुढे १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यामागून जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. आमची घरे, आमच्या शाळा, मुलींची लग्ने, सारे या उसावर झाले. मी त्या उसाचे मीठ — की साखर म्हणू? — खाल्लेला माणूस आहे. उसाशी माझे भांडण नाही.

पण दिवाळी उरकली की गळीत सुरू होते. भिजवलेल्या रानातून उसाने लादलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढीत बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या मोठ्या चाकांच्या खाचांत पाटीपाटीभर काळी माती असते. डांबरावर चढल्यावर पहिल्या शंभर-दोनशे पावलांत ती ढेकळाढेकळाने गळते. मागून येणारी वाहने तिला दाबून सपाट करतात. रात्री दव पडते, क्वचित पौषात अवकाळी सरही येते. पहाटेपर्यंत त्या मातीचे असे मलम होते, की आमच्या गावच्या वैद्यानेही तसे कधी घोटले नसेल. आणि त्या मलमावरून सकाळी पहिले जातात ते कोण? कारखान्याचा चेअरमन नव्हे, तहसीलदार नव्हे. डोक्यावर भारा घेतलेली बाई, दुधाची किटली धरलेला म्हातारा, आणि पाठीवर दप्तर असलेली पोरे.

त्या ट्रॅक्टरच्या आधीपासून बैलगाडीनेही ऊस जातो. बैलाला डांबरावर सोडण्यापूर्वी मालक काय करतो, हे कोणी पाहिले आहे काय? तो नालबंदाला बोलावतो, बैलाला दोरीने पाडतो, आणि त्याच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकून घेतो. बैल घसरला तर मालक बैलाला “बघून चालत जा” असे समजावीत नाही. पत्री झिजली असेल म्हणून खूर उचलून पाहतो. बैलाला जो न्याय मिळतो, तो सातवी ‘ब’मधील मुलीला मिळत नाही. तिला फक्त उपदेश मिळतो.

ठीक आहे. गाडीला न्याय मिळतो, बैलाला मिळतो, पण माणसाला मिळत नाही, तर मी आजपासून माणूस असल्याचा हट्ट सोडतो. मला गाडी समजा. दोन चाकी, हवेने चालणारी, इंधन भाकरी आणि चहा. गाडीचे सर्व नियम मी मुकाट्याने पाळीन.

शिकाऊ परवाना मी केव्हाच काढला आहे. पांगुळगाडा धरून ओसरीवर मी सहा महिने सराव केला, त्यात उंबऱ्याला दोनदा धडकलो, आणि माझी चाचणी घेणाऱ्या आजीने मला समाधानकारक शेरा दिला. पक्का परवाना पहिल्या पावसाळ्यात मिळाला. मोटारीच्या परवान्याला मुदत असते, माझ्याही आहे. ती संपली की चार माणसे उचलून नेतात, आणि नूतनीकरणाची सोय नाही.

आता टायर. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरता कामा नये, असा आपल्याकडे नियमच आहे. मी माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. टाचेखाली नक्षी नव्हती, इतिहास होता. गुळगुळीत टायरची गाडी रस्त्यावर आणल्याबद्दल मी गुन्हा कबूल करतो. जुन्या काळी आमच्या बाजारात मोटारीच्या फाटक्या टायरचे तळ लावलेल्या चपला मिळत. त्या चावत, पण पकडत. हल्ली माणसाच्या पायात प्लास्टिक आले आणि रबर सगळे मोटारींना गेले. तेव्हा पहिला नियम: गळीत सुरू होण्यापूर्वी घरातील सगळ्यांची पायताणे उलटी करून पाहावीत, आणि गुळगुळीत झाली असतील ती देवळात जाताना वापरावीत. तेथून ती चोरीला गेली तरी दुःख होत नाही, आणि घसरण्याचे काम चोराकडे जाते.

गिअर. सपाट कोरड्या रस्त्यावर माणूस टॉपमध्ये चालतो, ढांग लांब पडते, पुढचा पाय टाचेवर येऊन टेकतो. घसरतो तो नेमका त्याच क्षणी. अंगाचा भार अजून मागे असतो, टाच पुढे तिरकी टेकलेली असते, आणि खाली धरायला काही नसते. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण घर्षणाचा प्रश्न मला त्या परीक्षेत आला होता आणि मी तो सोडवला होता. पौषात तोच प्रश्न पुन्हा आला तेव्हा मात्र चुकलो. चिखल दिसला की पहिला गिअर टाकावा. पाऊल वीतभर पुढे, तळवा सगळा एकदम टेकलेला, गुडघे किंचित वाकलेले — गुडघे म्हणजे आपले शॉक-अब्सॉर्बर — आणि पोट पुढच्या पायाच्या बरोबर वर. बर्फाळ मुलखांत लोकांना यासाठी पेंग्विनसारखे चाला म्हणून सांगतात. आपण पेंग्विन पाहिलेला नसतो. बदक पाहिलेले असते. बदकासारखे चालावे. लोक हसतील. पण लोक कसेही हसतातच, हे मी वर सांगितले आहे.

ब्रेक एकदम दाबू नये. पायाची बोटे हळूहळू रोवावीत. वळण घेताना वेग आधी कमी करावा, वळता वळता नव्हे. स्टिअरिंग म्हणजे हात. ते खिशात किंवा शालीत कोंडून ठेवले तर गाडीला स्टिअरिंग उरत नाही. थंडीत हे फार कठीण जाते, पण हाताला थंडी वाजलेली बरी, प्लॅस्टरमध्ये हात चांगला उबदार राहतो याचा मला अनुभव आहे. दोन्ही हातांत ओझे घेणे म्हणजे ओव्हरलोड. मी डबा आणि वह्या घेऊन तेच केले. धुक्यात हेडलाइट लावावा, म्हणजे हातात बॅटरी घ्यावी, आणि ती स्वतःच्या पायाकडे कमी व येणाऱ्याच्या डोळ्यांना दिसेल अशी जास्त धरावी. हॉर्नसाठी खाकरावे. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवावे. पुढचे वाहन म्हैस असेल तर जास्त ठेवावे. आणि एकमेकांचा हात धरून चिखल पार करणे तर साफ वर्ज्य. त्याला आमच्याकडचे ट्रकवाले टोचन म्हणतात. टोचनात पुढचे वाहन घसरले की मागचेही जाते. आमच्या शेजारच्या नवपरिणीत जोडप्याने हा प्रयोग केला होता. आता ते अंतर ठेवून चालतात.

हे सारे नियम मला पुस्तकातून मिळालेले नाहीत. चालण्याची खरी विद्या आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला, अकोल्याच्या डोंगरात आहे. कळसूबाई आणि रतनगडाच्या अंगाला पाऊस असा कोसळतो की चार महिने दगडाला शेवाळ आणि बांधाला बुळबुळीत चिखल. माझी पहिली नोकरी तिकडे होती. पहिल्याच आषाढात भातखाचराच्या बांधावरून शाळेत जाताना मी एका आठवड्यात तीनदा खाचरात बसलो. तिसऱ्या वेळी आवणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला हात देऊन वर काढले आणि म्हणाले, “गुर्जी, तुम्ही पाय टाकताय. पाय टाकू नगा, पाय ठिवा.” व्याकरणाची इतकी पुस्तके मी वाचली, पण दोन क्रियापदांतील फरक एवढ्या स्पष्टपणे कोणी समजावून दिला नव्हता. टाकलेली वस्तू आपली राहत नाही, ठेवलेली राहते. ते बाबा अनवाणी चालत, हातात काठी असे, अंगठा बांधात खिळ्यासारखा रोवीत. त्यांना मी कधी घसरलेले पाहिले नाही.

आता कोणी म्हणेल, सापडलात गुरुजी! ते बाबा बघून चालत होते म्हणून पडत नव्हते, म्हणजे दोष तुमचाच ठरला. नाही. त्या बांधावरचा चिखल देवाने पाडलेला होता, आणि तो कोठे असेल हे बाबांना साठ वर्षे ठाऊक होते. आमच्या डांबरावरचा चिखल माणसाने आणून टाकलेला आहे, आणि तो काल होता तिथे आज नसतो. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण दगडासाठी ठीक आहे, कारण दगड जागचा हलत नाही. ट्रॅक्टरबरोबर घसरण रोज नव्या जागी येते. तिथे मागच्याला शहाणे होण्याची सोयच नाही.

शिवाय सगळेच जण काही उठून दिवाळी अंकात लिहीत नाहीत. आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी होत्या. तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात, तांदळाचे पातेले डोक्यावर घेऊन येताना त्या याच रस्त्यावर, याच मातीत घसरल्या. मावशींचे वय साठीच्या आसपास; खुब्याचे हाड मोडले. हवालदार आले नाहीत, कारण वाहन नव्हते. वाहन नव्हते म्हणून पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणून अपघात नाही, आणि अपघातच झाला नाही तर भरपाई कसली? मोटार अपघातांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागायची तर मोटार लागते. न थांबता पळून गेलेल्या वाहनाने ठार केले तर २०२२ पासून दोन लाख रुपये आणि गंभीर जखमी केले तर पन्नास हजार, अशी केंद्र सरकारची योजना आहे. मावशींना ठोकणारे वाहन त्यांच्याआधी सात-आठ तास पळून गेले होते, आणि जाताना फक्त आपली माती ठेवून गेले होते. योजनेत ते बसले नाही. मावशी आता चालत नाहीत. उंबऱ्याशी खाट टाकून बसलेल्या असतात. त्यांचा जबाब मी स्वतः घेतला आहे. त्या म्हणाल्या, “माझंच चुकलं गुरुजी. बघून चालले न्हाई.” आणि मी पुढे निघालो तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या पोरांना त्यांनी हाक मारली, “बघून चाला रं!”

मला राग आला तो तेव्हा. माझ्या मनगटाचा मला इतका आला नव्हता.

गाडीचे नियम मी पाळले; आता गाडीचे हक्क मागतो. पहिली गोष्ट, पाटी. ‘रस्ता निसरडा आहे’ असे सांगणारी लाल त्रिकोणाची सरकारी खूण आपण पाहिली असेल. तिच्यावर एक मोटार काढलेली असते आणि तिच्या मागे चाकांच्या नागमोडी रेघा. म्हणजे या देशात घसरण्याचा अधिकृत अधिकार मोटारीला आहे. माणूस दुसऱ्या पाट्यांवर सापडतो: कोठे तो रस्ता ओलांडतो, कोठे फावडे घेऊन खणतो. पण माणूस घसरतो, हे रस्त्याच्या चित्रलिपीला ठाऊकच नाही.

दुसरी गोष्ट, वाट. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ सालच्या आपल्या नियमावलीत पायवाटेची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी असे लिहून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितले की, पादचाऱ्याला मोकळी, वापरता येण्याजोगी पायवाट मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी गटारे यांमुळे मेलेल्याच्या वारसांना सहा लाख, आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई ठरवून दिली. न्यायमूर्तींविषयी मला पूर्ण आदर आहे. पण खड्डा म्हणजे रस्त्यातून काही गेलेले. आमच्याकडे रस्त्यावर काही आलेले आहे. ते कोणत्या सदरात घालायचे?

तेही सदर आहे. सार्वजनिक वाटेवर धोका वा अडथळा निर्माण करणाऱ्याला दंड, हे कलम इंग्रजांनी १८६० सालच्या दंडसंहितेत घातलेले होते. दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. दीडशेहून अधिक वर्षे तो दोनशेच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता आली, कलमाचा आकडा २८३चा २८५ झाला आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला. हे कलम मी एका जाणत्या पुढाऱ्यांना वाचून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, मातीला धोका म्हणायचं? आपली आई ती!” आई मला मान्य आहे. पण आईला कोणी रस्त्यावर टाकून जात नाही.

यावर तीन उत्तरे मला नेहमी ऐकवली जातात. पहिले: “मग काय ऊस बंद करायचा?” जणू चिखलाशिवाय साखर गोड लागत नाही! ट्रॅक्टर रानातून डांबरावर चढतो त्या तोंडाशी दोन ब्रास मुरूम टाकावा, तो नसेल तर नुकत्या तोडलेल्या उसाचे पाचट जाड अंथरावे. तेच पाचट पुढे काडी लावून पेटवले जाते, त्यापेक्षा हे बरे. चाकांच्या खाचांतील माती खोऱ्याने काढायला दहा मिनिटे लागतात. कारखान्याच्या काट्यावर तोच ट्रॅक्टर रात्र-रात्र रांगेत उभा असतो, तेव्हा दहा मिनिटांनी साखरेचा भाव कोसळत नाही. दुसरे उत्तर: “पायवाटा शहरात. खेड्यात कसली पायवाट?” शहरातला माणूस निदान रिक्षा करू शकतो. तिसरे उत्तर देणारे सर्वांत हुशार: “आता चालतं कोण, गुरुजी? घरोघर मोटारसायकली झाल्या.” घरोघर झाल्या हे खरे. पण त्यांवर बसतो कोण ते सकाळी उभे राहून मोजावे. मी प्लॅस्टरच्या रजेत दोन दिवस मोजले. चालणाऱ्यांत बाया, म्हातारे आणि पोरे, चालवणाऱ्यांत बापे. गेलेच तर मोटारसायकलवरचा बाप्या चालत जाणाऱ्या बाईला सांगतो, “बाजूला हो, बघून चाल.”

हा हिशेब आमच्याच गावचा आहे असे नाही. स्वीडन देशात कार्लस्कोगा नावाचे गाव आहे. तेथे नगरपालिका बर्फ काढताना आधी मोटारींचे रस्ते मोकळे करी, पायवाटा मागाहून. २०११ च्या सुमारास त्यांनी आपल्या एकेका कामाचा बायकांवर काय परिणाम होतो ते तपासायला घेतले. बर्फ काढण्यात बाई-पुरुष कोठून येणार, अशी थट्टाही झाली. तपासल्यावर दिसले ते हे की, चालतात त्या जास्त करून बायका, आणि निसरड्यात हाडे मोडतात ती जास्त करून चालणाऱ्यांची. त्यांनी क्रम उलटा केला: आधी पायवाटा, मग मोटारी. बर्फ तेवढेच, माणसे तीच. मोटारीला तीन इंच बर्फातून जाता येते, ढकलगाडी घेतलेल्या बाईला येत नाही, एवढे त्यांच्या ध्यानात आले. त्यांना जे पांढऱ्या बर्फात दिसले ते आम्हांला काळ्या मातीत का दिसू नये?

ज्या जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ज्याच्या रस्त्यांनी दरवर्षी दिंड्या पंढरीला चालत जातात आणि पालख्या शिर्डीला चालत येतात, तेथे चालण्याची ही अवस्था आहे. दिंडीत चालणाऱ्याच्या पाया पडतात. तोच माणूस एकादशी झाल्यावर बाजाराला पायी निघाला, की तो बिचारा ठरतो. आणि मेला तर आकडा. २०२२ साली या देशात रस्ते-अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. हे सगळे वाहनाने उडवलेले. आपणहून घसरून मेलेले किंवा अंथरुणाला खिळलेले त्यात नाहीत. ते घरच्या खात्यावर मांडले जातात.

माझे प्लॅस्टर शिवरात्रीच्या आत निघाले. शाळेत गेल्यावर मी सातवी ‘ब’ला चित्रकलेच्या तासाला एक पाटी रंगवायला दिली: लाल त्रिकोण, आत मोटारीच्या जागी माणूस, आणि त्याच्या पायांमागे दोन नागमोडी रेघा. मुलांनी मन लावून काम केले. माणसाच्या काखेत त्यांनी वह्यांचा गठ्ठा काढला, हे मी सांगितले नव्हते. ती पाटी आम्ही मी पडलो त्या जागेजवळच्या कडुलिंबाला तारेने बांधली. सरकारी नाही, म्हणून तिला कोणी हात लावलेला नाही.

परवा पहिला ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने तो पाटीसमोर उभा केला, मान वाकडी करून बराच वेळ चित्राकडे पाहिले, आणि मला विचारले, “गुरुजी, हितं नाचायला बंदी हाय का?” त्याच्या मागच्या चाकांतून माती पडत होती. मी म्हणालो, “नाही. खाली उतर, आणि इथून त्या टपरीपर्यंत चालून दाखव.”

त्याने खाली रस्त्याकडे पाहिले. मग स्वतःच्या स्लीपरकडे पाहिले. आणि तो उतरला नाही.